इस्त्रीच्या खोलीखाली

काकांच्या लॉन्ड्रीमागच्या अंगणात एक भोक होतं, आणि काकांना त्याचा स्वतःच्या दातांपेक्षा जास्त अभिमान होता. दात वर्षागणिक कमी होत चालले होते. भोक जिथल्या तिथे होतं, उलट जरा रुंदच झालं होतं.

भोक म्हणजे फार मोठं नव्हे. कपड्यांची टोपली आडवी टाकली तर अडकेल एवढं. कडेला पांढुरका खडक, तोही गुळगुळीत, कुणीतरी जिभेने चाटून ठेवल्यासारखा. एक्केचाळीस वर्षं काका विहिरीचं पाणी उपसत होते, त्यात गावभरच्या चादरी, टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे डगले आणि शिपायांचे सदरे धूत होते, आणि साबणाचं, निळीचं, खळीचं सगळं पाणी त्या भोकात सोडून देत होते. पाणी आत जाई, थोडा वेळ गुळगुळ आवाज येई, की संपलं. एक थेंब कधी उलटून वर आला नाही. गावातली गटारं तुंबली की लोक नाकाला रुमाल लावून फिरत, तेव्हा काका मुद्दाम अंगणात खुर्ची टाकून बसत.

काकूंनी त्या भोकाचं नाव 'जावईबापू' ठेवलं होतं. का, तर कितीही घातलं तरी पुरे म्हणत नाही. तेव्हा लेक आठ वर्षांची होती आणि खरा जावई कुठल्यातरी शाळेत नाक पुसत बसला असेल, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

काका गिऱ्हाइकांना जावईबापूंचे पराक्रम सांगत. त्यांनी एक खराटा गिळला, दोन बादल्या गिळल्या, एका लठ्ठ न्यायाधीशाची विजार पट्ट्यासकट गिळली, आणि एके दिवशी अख्खी शिडी उभीच्या उभी आत गेली.

"शिडी शेजारच्यांनी नेली," आतल्या खोलीतून काकूंचा आवाज येई. "आधी जाऊन परत मागा."

आतली खोली म्हणजे इस्त्रीची खोली. ती अंगणाच्या बाजूला, भोकापासून दहा पावलांवर. तिथे काकूंचं राज्य. एक लांबलचक टेबल, पूर्वेची खिडकी, कोपऱ्यात घडीच्या कपड्यांचे ढीग, आणि शांतता. पुढच्या दुकानात काकांचं राज्य, आणि तिथे शांतता सोडून बाकी सगळं. काका एकदा बोलायला लागले की गिऱ्हाईक स्वतःचा सदरा विसरून दुसऱ्याचा घेऊन जाई. एकदा काकूंच्या भावाकडे जायचं टाळायला त्यांनी पूल वाहून गेल्याची बातमी आणली होती. काकू निमूट घरी बसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुलावरून भाऊच चौकशीला आला. तेव्हापासून काकूंनी काकांच्या बोलण्यातला पाऊण हिस्सा धुऊन टाकायचा आणि उरलेलं वाळवून बघायचं, असा नेम ठेवला होता.

पुढे लेकीचं लग्न झालं, आणि खरा जावई घरात आला. भोकाचं नाव बदलायला हवं होतं, पण वीस वर्षांची सवय जिभेवरून जाते कुठली? पहिल्याच मुक्कामाला काकू अंगणातून ओरडल्या, "अहो, जावईबापूंच्या तोंडात बोळा अडकलाय, बांबूने ढोसा जरा!" आणि पंगतीला बसलेला जावई घास हातात धरून तसाच राहिला.

जावई होता जमीन तपासणारा. कुठे इमारत उभी राहायची असली की आधी हा जाऊन जमीन ठोकून, खणून, पोखरून बघणार आणि खाली काय आहे ते सांगणार. माणूस कमी बोले आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघे. काकांना वाटे, हा माझे जोडे बघतोय. काकूंना तो फार आवडला होता. "एका बैठकीत नऊ शब्द बोलला," त्या लेकीला कौतुकाने म्हणाल्या. "मी मोजले."

भोकाचा घोटाळा समजल्यावर जावई हसला, जेवण संपवून अंगणात गेला आणि भोकाजवळ गुडघे टेकून बसला. त्याने आत एक खडा टाकला आणि कान लावला. मग दुसरा टाकला. मग उठून काकांना म्हणाला, "बाबा, हे पाणी जातं कुठे?"

"खाली," काका म्हणाले.

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली! वर जात नाही एवढं तर दिसतंय ना?"

जावयाने पिशवीतून एक डबी काढली. आत विटकरी रंगाची पूड होती. चिमूटभर पूड त्याने बादलीत टाकली, तर पाणी असं हिरवंगार झालं की काकांनी पोपट पिळल्याची शंका घेतली. ती बादली भोकात गेली. जावई म्हणाला, "आता वाट बघायची."

फार बघावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गावाच्या उतारावरचा न्हावी धावत आला. त्याच्या दुकानामागे एक झरा होता आणि त्याच पाण्यावर त्याचा धंदा चाले. त्याच्या मागोमाग गळ्याला फडकं बांधलेलं एक गिऱ्हाईक, अर्धी दाढी झालेली, उरलेल्या अर्ध्यावर फेस. फेस हिरवा.

"काका, हे तुमचंच काम!" न्हावी ओरडला. "गावात रंगीत पाणी आणखी कोण करतं?"

जावयाने घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि शांतपणे सांगितलं की रंग निरुपद्रवी आहे, दोन दिवसांत जाईल, पण या अंगणात ओतलेलं पाणी त्या झऱ्यातून बाहेर पडतं हे मात्र आता पक्कं झालं. पिण्याचं पाणी वरच्या टाकीतून येतं म्हणून बरं.

न्हावी विचारात पडला. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांच्या दाढ्या तुमच्या धुण्याच्या पाण्याने करतोय?"

"असं दिसतंय."

"तरीच!" न्हाव्याचा चेहरा उजळला. "मी म्हणतोय, या झऱ्याच्या पाण्याला साबण इतका कमी कसा लागतो!" आणि तो गिऱ्हाइकाला ओढत परत गेला, कारण उरलेली दाढी वाळत चालली होती.

काका खूष. गावाच्या या टोकाला ओतलं, त्या टोकाला निघालं. ही गोष्ट त्यांना निदान दोन वर्षं पुरली असती. पण जावई खूष दिसेना. तो इस्त्रीच्या खोलीत गेला आणि दाराकडे बघत उभा राहिला.

"आई, दार वरून तासलंय?"

"तीन वेळा," काकू इस्त्री न थांबवता म्हणाल्या. "सुतारच तसा. दार बसवतो ते अडकायलाच. मी त्याच्याशी बोलणं सोडलंय."

"आणि टेबलाच्या पायाखाली कागद?"

"टेबल डुगडुगतं. कागदाच्या घड्या वाढवत जाते. लाकूड झिजत असेल."

जावयाने वाकून घड्या बघितल्या. गेल्या वर्षी एक होती. यंदा सहा होत्या. त्याने टाच उचलून जमिनीवर आपटली. ढब असा आवाज आला. मग पुढच्या दुकानात जाऊन आपटली. तिथे ठक. पुन्हा आत. ढब.

"फरशा सैल झाल्या असतील," काकू म्हणाल्या.

जावयाने काकांना खुणेने बॉयलरच्या खोलीत बोलावलं. तिथे काकांची कायमची लढाई चाले. विहिरीचं पाणी जड. ते तापलं की बॉयलरच्या आत पांढरी खपली धरे, दगडासारखी कडक. दर शनिवारी काका आत व्हिनेगर ओतत; खपली फसफसे, विरघळे, उरलेली छिन्नीने खरवडून बाहेर काढावी लागे. कोपऱ्यात तिचा ढीग पडलेला होता.

"बाबा, हे काय आहे?"

"आमच्या बॉयलरचं दुखणं."

"दगड आहे. या गावाच्या पोटातला चुनखडक. पाण्यात विरघळून तुमच्याकडे आलेला."

आणि मग जावई बोलला. त्याच्या मानाने भाषणच म्हणायचं. पावसाचं पाणी हवेतून येतं, कुजलेल्या पालापाचोळ्यातून, मातीतून झिरपतं. वाटेत ते एक वायू शोषून घेतं, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. त्याने पाणी किंचित आंबट होतं. तुमचं व्हिनेगर जे शनिवारी तासाभरात करतं, ते हे पाणी हजारो वर्षं सावकाश करत राहतं. खडकाला भेगा असतातच. पाणी भेगेत शिरतं, भेग रुंदावते, भेगेची नळी होते, नळीची गुहा होते. म्हणून या भागात ओढा नाही, नाला नाही. पाऊस पडतो आणि नाहीसा होतो. नद्या आहेत, पण जमिनीखाली.

काकांनी ढिगातली एक खपली उचलली. तळहाताएवढी होती. एवढ्या वर्षांत अशा किती पाट्या भरून त्यांनी बाहेर टाकल्या होत्या, त्याला गणती नव्हती. आणि हे तर फक्त त्यांच्या बॉयलरला चिकटलेलं. न चिकटता निघून गेलेलं किती?

"म्हणजे मी," ते हळू आवाजात म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं जमिनीखालचा खडक खरवडून बाहेर टाकतोय?"

"तुमच्यापुरता."

काकांना एकदम आठवलं. "अरे, आणि ते वापरलेलं व्हिनेगर मी भोकातच ओततो! एकदा पाणी हळू जायला लागलं होतं. व्हिनेगर ओतलं, तर काय झरझर जायला लागलं! तेव्हापासून दर शनिवारी खाऊ म्हणून..."

जावयाला हसू आवरेना. "त्याने फार काही झालं नसेल. खडक तुमच्या पणजोबांच्या आधीच पोखरलेला आहे. काम केलंय ते साध्या पाण्याने. खडकाच्या वर माती आहे ना, तुमच्या खोलीखालची? रोजच्या पाण्याबरोबर ती थोडीथोडी भेगांमध्ये वाहून जाते. खालून पोकळी होते. पोकळी वर वर सरकते. मधे राहते ती मातीची कमान. कमान पातळ होत जाते. वरून काही दिसत नाही. दार अडकतं, टेबल डुगडुगतं, बस. आणि एक दिवस कमान बसते."

"बसते म्हणजे?"

"कुरणात ते गोल खळगे आहेत ना, मेंढ्या उतरतात ते? ती सगळी बसलेली जमीन."

त्या खळग्यांबद्दल काका आजवर सांगत आले होते की एक राक्षस कोपर टेकून गावाकडे बघत लोळत असे, त्याची ती कोपरं. आता त्यांना राक्षस परवडला असता.

"कधी बसेल?"

"आज. किंवा दहा वर्षांनी. सांगता येत नाही. पाणी आजपासून बंद करा, मी नळ टाकून गटाराला जोडून देतो. पुढचं दुकान ठीक आहे, तिथे खडक हातभरावरच लागतो. पण आईंना त्या खोलीत बसू देऊ नका."

हे शेवटचं वाक्य म्हणायला सोपं होतं. काकूंना काही करू देणं किंवा न देणं हे खातं काकांकडे कधीच नव्हतं.

"अगं," काका दारात उभे राहून म्हणाले. आत पाय टाकायचा त्यांना धीर होईना. "तू जरा बाहेर येतेस?"

"चादर अर्धी झालीय."

"खालची जमीन पोकळ आहे."

"बरं."

"खोली आत जाईल!"

"शिडीसारखी?" काकूंनी इस्त्री उलट फिरवली.

"अगं, खरं सांगतोय! जावयाला विचार!"

जावयाला विचारलं. त्याने सांगितलं. पण तो इतक्या हळू आणि इतकं मोजून सांगत होता, आणि 'सांगता येत नाही' हे इतक्या प्रामाणिकपणे मधे मधे घालत होता, की काकूंनी सगळं ऐकून मान डोलावली आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात, तुमचं काम चोख आहे. पाणी जातं हे मला माहीतच होतं, हिरवं करून दाखवलंत, छान झालं. पण ही खोली मी वापरतेय. सांगता येत नाही म्हणता, मग मीही सांगत नाही. बसणार इथेच."

दुसऱ्या दिवसापासून काकांचा जीव टांगणीला लागला. दर दहा मिनिटांनी ते खोलीच्या दारात यायचे, काकू आहेत ना बघायचे, आणि चवड्यांवर परत जायचे, जणू आपल्या टाचेनेच कमान मोडेल. गिऱ्हाइकांशी बोलताना एक कान मागे. शेजारी कुणी फळी टाकली की हातातलं सोडून धावायचे. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना मुद्देमालासकट पकडलं: काका घडीच्या चादरींचा ढीग छातीशी धरून पाय न वाजवता बाहेर चालले होते.

"माझ्या चादरी कुठे निघाल्या?"

"वजन कमी करतोय."

"कुणाचं?"

"खोलीचं."

काकूंनी त्यांच्याकडे वरून खाली बघितलं. काकांचा चेहरा सुरकुतलेला, ओठ कोरडे, आणि गंमत म्हणजे डोळ्यांत गंमत नाही. मग म्हणाल्या, "ठेवा तिथे. हॉटेलच्या आहेत. चुरगळतील."

काका बॉयलरच्या खोलीत जाऊन ढिगावर बसले. लेक तिथे राहिलेले कपडे वेगळे करत होती. बापाकडे बघून तिने हातातलं काम ठेवलं.

"बाबा, आई का हलत नाही, कळलं का तुम्हाला?"

"माझ्यावर विश्वास नाही. पूल एकदाच वाहून गेला, पण ती विसरली नाही."

"विश्वास बसलाय. काल मी बघितलं, एकटी असताना ती टाच आपटून बघत होती."

"मग?"

"मग खोली सोडली तर बसायचं कुठे?"

"पुढे! दुकानात! खडक हातभरावर!"

"दुकानात कोण असतं?"

काकांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांचं तोंड उघडं पडलं आणि, ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण उघडंच राहिलं, आतून काही आलं नाही.

"दिवसभर तुमची टकळी, बाबा. एक्केचाळीस वर्षं तिला ती एक खोली होती. तिला खड्ड्याची भीती वाटते. पण त्याहून जास्त भीती तुमची वाटते." लेकीने हे इतक्या मायेने सांगितलं की काकांना राग यायला जागाच राहिली नाही.

ते उठले. सरळ इस्त्रीच्या खोलीत गेले, चवड्यांवर नाही, पूर्ण टाच टेकून, आणि टेबलाच्या पलीकडे उभे राहिले.

"पुढे ये. मी बोलणार नाही."

इस्त्री थांबली.

"किती वेळ?" काकूंनी विचारलं.

"तू म्हणशील तेवढा."

"दिवसभर."

"दिवसभर? अगं, जमीन बसेल तेव्हा बसेल, मी आधी जाईन!"

"बघा, लागले ना बोलायला?"

"बरं बरं. बारा वाजेपर्यंत. दुकान उघडल्यापासून बारापर्यंत एक शब्द नाही."

काकूंनी विचार केला. सकाळचं ऊन, चादरी, शांतता. दुपारी तसाही बॉयलरचा आवाज असतो, त्यात अर्धं बुडून जाईल. "गिऱ्हाइकाने काही विचारलं तर?"

"मान हलवीन."

"गुणगुणणं?"

"नाही."

"शिट्टी?"

"नाही गं."

"शिंक आली तर?"

"आता शिंकू पण नको का?"

"शिंका," काकू उदार होऊन म्हणाल्या. "पण नंतर त्याच्याबद्दल काही सांगायचं नाही."

ठरलं. जावयाने दार बिजागऱ्यांतून काढलं, तसं ते पहिल्यांदाच न अडकता निघालं. टेबल तिरकं करून चौघांनी पुढे आणलं, चादरी आणल्या, इस्त्र्या आणल्या. काकूंनी शेवटी खिडकीतून एकदा बाहेर बघितलं, खिडकी बंद केली, पुन्हा उघडून काच फडक्याने पुसली, आणि बंद केली. दाराच्या चौकटीत जावयाने आडव्या फळ्या ठोकल्या. पाण्याचा नळ रस्त्याच्या गटाराला जोडला, आणि लेक-जावई आपल्या घरी गेले.

पहिल्या दिवशी गावात बातमी पसरली की काकांची दाढ काढलीय. दुसऱ्या दिवशी, की जीभच काढलीय. लोक नुसते बघायला यायला लागले. न्हावी आला, दहा मिनिटं समोर उभा राहिला, चार ठिकाणची चार भांडणं सांगून बघितली. काकांनी मान हलवली. न्हाव्याने जाताना काकूंना हात जोडले. काका साडेअकराच्या सुमारास लाल व्हायला लागायचे, पावणेबाराला त्यांच्या मानेवरची शीर दिसायला लागायची, आणि बाराचे टोले पडले की पहिल्या टोल्यापासून असे सुटायचे की समोरचा माणूस दारापर्यंत मागे सरकायचा. पण बाराच्या आधी एक शब्द नाही. काकू इस्त्री करता करता मधूनच त्यांच्याकडे बघत. एवढं जमेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी न मागता काकांच्या पुढ्यात गरम दुधाचा पेला ठेवला. काकांनी मान हलवली. काकूंना हसू आलं, ते त्यांनी चादरीत दडवलं.

पाचव्या दिवशी सव्वाअकराची वेळ. दुकानात दोघंच. काकू पाठ अंगणाकडे करून हॉटेलची मोठी चादर ताणत होत्या. काका समोर खुर्चीत, तोंड मागच्या उघड्या दारातून अंगणाकडे.

आधी वाळत घालायच्या दोरीचा खांब हलला. वारा नव्हता. खांबाने काकांकडे बघून मान वाकवली, जशी काका हल्ली गिऱ्हाइकांसमोर वाकवत, आणि तसाच वाकत राहिला.

काका उभे राहिले.

भोकाभोवतालच्या जमिनीवर एक भेग उमटली, गोल, कुणी ताटाभोवती बोट फिरवावं तशी. अंगणातली खुर्ची मागे कलली. ओल होती तोवर माती मातीला धरून होती. आता पाणी बंद, माती सुकलेली, तिचे हात सुटले होते. भेग इस्त्रीच्या खोलीच्या भिंतीपाशी आली आणि भिंत चढून वर गेली.

काकांनी दोन्ही हात हवेत फिरवले.

"हातवारे नकोत," काकू न बघता म्हणाल्या. "ते बोलण्यातच मोजीन."

काकांनी बोट दाखवलं. टेबलावर थाप मारली. चादर ओढली.

"अहो, चुरगळतेय! असं काय लहान मुलासारखं? पाऊण तास राहिलाय, काढा की!"

आणि त्यांच्या पाठीमागे इस्त्रीची खोली खाली बसली. कोसळली नाही, फुटली नाही, उडाली नाही. एखादी थकलेली बाई गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीवर बसते तशी बसली. आधी जोतं गेलं, मग खिडकी गेली, काच शेवटपर्यंत चकाकत, मग कौलं. काकांना वाटलं आता थांबेल, पण ती आणखी खाली गेली. खोलवरून एक आवाज आला, ढब, पण असा ढब की दुकानातल्या सगळ्या टांगलेल्या कोटांनी खांदे उडवले.

"पाडलीत ना टोपली?" काकू म्हणाल्या आणि वळल्या.

मागच्या दारातून पांढरी धूळ आत येत होती. धूळ बसली तेव्हा दाराबाहेर अंगण नव्हतं. एक मोठा गोल वाडगा होता, आणि त्याच्या पलीकडच्या कडेवर शेजाऱ्यांची भिंत. भिंतीला काकूंच्या खोलीने इतकी वर्षं झाकून ठेवलेली एक शिडी टेकलेली होती, पण त्या वेळी तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

काकू बघत राहिल्या. जिथे त्यांचे पाय असायचे ती जागा आता कुठे होती ते त्यांनी नजरेने शोधलं. खूप खाली शोधावं लागलं. त्यांच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच टेकलेली होती. काकांनी पुढे होऊन ती त्यांच्या बोटांतून सोडवली आणि उभी ठेवली. चादरीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता. काकांनी खुर्ची सरकवली, काकूंना बसवलं, आणि स्वतः उलटी टोपली घेऊन शेजारी बसले. काकूंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच. "अहो, बोला ना काहीतरी."

काकांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा वाजून अठरा मिनिटं.

"मरो ते घड्याळ! मी म्हणतेय ना, बोला!"

काका बोलले नाहीत. हट्ट नव्हता तो. या न बोलण्यानेच ती इकडे आली होती, या खुर्चीत, या खडकावर. ते मोडायला त्यांना भीती वाटत होती. आता ओठ उघडले तर कदाचित ही माझ्या हातातून उठून पुन्हा तिकडे जाऊन बसेल, असलं काहीतरी वेड्यासारखं त्यांच्या मनात आलं होतं. डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं, आणि त्याबद्दल करारात काही ठरलेलं नव्हतं.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग आपलं. उठल्या. बाहेर लोकांचे पाय वाजायला लागले होते, न्हाव्याची हाक ऐकू येत होती. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. टोपली काकांच्या खालून काढून घेतली, भिंतीपाशी उपडी ठेवली, तिच्यावर चढल्या, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा बोटाने ढकलत ढकलत बारावर नेला. टोले पडायला लागले. सगळे बारा पडेपर्यंत त्या तिथेच भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मग खाली उतरल्या, काकांना पुन्हा टोपलीवर बसवलं आणि खुर्ची काकांच्या अगदी समोर ओढून बसल्या.

"हं," काकू म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांगा. माझी पाठ होती, मला काहीच दिसलं नाही."